डरबनची चमकी: शाळेचा नियम, समानता न्यायालय आणि तीन वर्षे

दक्षिण आफ्रिकेतल्या डरबन गर्ल्स हायस्कूलच्या आचारसंहितेत दागिन्यांचा नियम अगदी खणखणीत होता. कानात घालायचेच असेल तर प्रत्येक पाळीत एकच, आणि दोन्ही कानांत एकाच पातळीवर. मनगटी घड्याळ चालेल. आजाराची माहिती देणारी वैद्यकीय चकती चालेल. बाकी काही नाही. नाकाबद्दल वेगळे लिहिण्याची कोणाला गरजच वाटली नव्हती. 'बाकी काही नाही' म्हटल्यावर नाक त्यात आलेच.

शाळेत २००२ सालासाठी प्रवेश घेताना एका आईने आपली मुलगी ही आचारसंहिता पाळेल असे लिहून दिले होते. घराणे दक्षिण भारतीय, तमिळ. सप्टेंबर २००४ च्या सुट्टीत आईने मुलीला नाक टोचून घ्यायची परवानगी दिली आणि नाकात सोन्याची बारीक चमकी आली. ४ ऑक्टोबर २००४ ला मुलगी शाळेत परतली तेव्हा तिला सांगण्यात आले की हे नियमात बसत नाही, काढावे लागेल. दक्षिण आफ्रिकेच्या घटनात्मक न्यायालयाने या प्रकरणावर शेवटचा शब्द उच्चारला तो ५ ऑक्टोबर २००७ रोजी. मधल्या तीन वर्षांत मुलगी शालान्त परीक्षा आटोपून शाळेतून बाहेरही पडली होती.

या खटल्याला तिकडे सगळे, त्या कुटुंबाच्या आडनावावरून, नुसते 'पिल्ले' म्हणतात. भेदभावविरोधी कायदा शिकवताना तो हमखास निघतो, आणि आपल्याकडच्या एका गाजलेल्या प्रकरणातही तो निघाला, त्याकडे पुढे येऊ. मला त्यात रस आहे तो मुख्यतः एका गोष्टीसाठी. एका सामान्य आईला आपल्या तक्रारीसाठी कोणते दार उपलब्ध होते, त्या दारातून आत गेल्यावर काय झाले आणि शेवटी हातात काय पडले, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारी प्रकरणे फार नाहीत.

आधी शाळेत काय घडले ते पाहू. उपमुख्याध्यापिकेने घरी फोन केला. आईने सांगितले की ही फॅशन नाही. शाळेने सुरुवातीला समजूतदारपणाच दाखवला: टोचलेली जखम भरेपर्यंत चमकी राहू दे. जखम भरायला वेळ लागला, आणि नाक टोचलेल्या कोणालाही याचे नवल वाटणार नाही. जानेवारी २००५ च्या अखेरीस मुख्याध्यापिकेने आईला तिचे म्हणणे लेखी मागितले.

आईने दिलेले पत्र हा या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा कागद. तिने लिहिले की आमचे घर दक्षिण भारतीय आहे आणि आधीच्या पिढ्यांतल्या बायकांनी सांभाळलेल्या रीती आम्हाला पुढे न्यायच्या आहेत. मुलगी वयात आली की नाक टोचून चमकी घालायची. पूर्वी तो मुलगी लग्नाला योग्य झाल्याचा संकेत असे. आता मुलगी जबाबदार झाली, तिचा मान करायचा, असा त्याचा अर्थ आहे. सोळावा वाढदिवस झाला की आजी सोन्याची चमकी काढून हिऱ्याची घालणार, तेही धार्मिक विधी करून. त्या पत्रात वकिली भाषा नाही आणि कलमांचे आकडेही नाहीत. तरी पुढे तीन न्यायालयांत ज्या मुद्द्यांवर खल झाला ते सगळे त्यात होते: धर्म, संस्कृती, घराणे, आणि ही गोष्ट सक्तीची आहे असा कुठेही न केलेला दावा.

शाळेच्या नियामक समितीने मानवी हक्क आणि हिंदू परंपरा यांच्या जाणकारांचा सल्ला घेतला आणि सवलत नाकारली. प्रांताचे शिक्षण खाते मध्ये पडले, पण त्यानेही शाळेचीच बाजू उचलून धरली. मे २००५ मध्ये मुदत मिळाली: चमकी काढा, नाहीतर शिस्तभंगाची सुनावणी. जुलैमध्ये आईने समानता न्यायालय गाठले.

हे समानता न्यायालय म्हणजे काय, ते जरा थांबून समजून घ्यायला हवे, कारण आपल्याकडे तसे काही नाही. वर्णभेद संपल्यावर आलेल्या १९९६ च्या राज्यघटनेच्या नवव्या कलमात समानतेचा हक्क आहे. तो फक्त सरकारला बांधत नाही. कोणत्याही व्यक्तीने दुसऱ्याशी अन्याय्य भेदभाव करू नये असे तिथे स्पष्ट लिहिले आहे आणि त्यासाठी कायदा करण्याची जबाबदारीही संसदेवर टाकली आहे. त्यातून २००० सालचा चौथ्या क्रमांकाचा कायदा आला, ज्याला बोलताना 'समानता कायदा' म्हणतात. त्यासाठी वेगळ्या इमारती बांधल्या नाहीत. प्रत्येक उच्च न्यायालय आपापल्या हद्दीत समानता न्यायालयही असते, आणि मॅजिस्ट्रेट कोर्टांनाही तोच अधिकार दिला गेला. न्यायाधीश तोच, खोली तीच. पण समानतेची तक्रार ऐकायला बसला की नियम बदलतात.

बदल कसले, तर एक ठरलेला तक्रार-अर्ज आहे, तो कोर्टातल्या लिपिकाकडे द्यायचा. फी नाही. वकील लागतोच असे नाही. स्वतःसाठी तक्रार करता येते, तशी दुसऱ्याच्या वतीने, एखाद्या गटासाठी, निव्वळ लोकहितासाठीही करता येते. मानवी हक्क आयोग स्वतः तक्रारदार होऊ शकतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पुराव्याचा भार. तक्रारदाराने प्रथमदर्शनी भेदभाव झाल्याचे दाखवले की चेंडू पलीकडे जातो. असा भेदभाव झालाच नाही, किंवा झाला तो न्याय्य होता, हे पलीकडच्याने सिद्ध करायचे. भेदभावाची कागदपत्रे, इतिवृत्ते, पत्रव्यवहार कोणाच्या कपाटात असतात याचा विचार केला, तर हा नियम किती शहाणपणाचा आहे ते कळते. नोकरीतले भेदभाव मात्र बहुतांशी या दारातून जात नाहीत. त्यांना कामगार कायद्यांची वेगळी वाट आहे.

डरबनच्या मॅजिस्ट्रेटने समानता न्यायालय म्हणून हे प्रकरण ऐकले. निकाल लागेपर्यंत शाळेने मुलीला त्रास देऊ नये असा अंतरिम आदेश मिळाला. शेवटचा निकाल मात्र आईच्या विरोधात गेला. प्रथमदर्शनी भेदभाव आहे, इथपर्यंत मॅजिस्ट्रेट आले. पण तो अन्याय्य नाही म्हणाले. आईने आचारसंहितेवर सही केली होती, गणवेश आणि शिस्त हा शाळेचा रास्त हेतू आहे, आणि मुलीच्या प्रतिष्ठेला काही धक्का लागलेला नाही.

सहीचा मुद्दा आपल्यालाही चटकन पटतो. लिहून दिलेत ना, मग आता काय? पण शाळेच्या प्रवेश अर्जावर सही न करण्याचा पर्याय कोणत्या पालकाला असतो? शिवाय एखाद्याने सही करून आपला समानतेचा मूलभूत हक्क सोडून दिला असे मानायचे ठरवले, तर प्रत्येक संस्था पहिल्याच पानावर तसे लिहून घेईल आणि कायदा तिथेच संपेल.

आई अपिलात गेली. पीटरमारित्झबर्गच्या उच्च न्यायालयाने जुलै २००६ मध्ये निकाल फिरवला. हिंदू आणि भारतीय वंशाच्या मुलींना शाळेत चमकी घालायला मनाई करणारा शाळेचा निर्णय त्यांनी रद्दच ठरवला. तेव्हा शिक्षण खाते आणि शाळा घटनात्मक न्यायालयात गेले. फेब्रुवारी २००७ मध्ये सुनावणी झाली. आता ही एका आईची तक्रार राहिली नव्हती. शाळांच्या नियामक समित्यांची संघटना, नाताळ तमिळ वैदिक सोसायटी ट्रस्ट (नाताळ हे डरबनच्या प्रांताचे जुने नाव) आणि अभिव्यक्ती स्वातंत्र्यासाठी काम करणारी एक संस्था न्यायालयाचे मित्र म्हणून, म्हणजे पक्षकार नसताना आपले मत मांडायला, उभ्या राहिल्या.

बहुमताचा निकाल सरन्यायाधीश पायस लांगा यांनी लिहिला. पहिला प्रश्न: मुलगी शाळेत नाही, मग निकाल कशाला? त्यांनी प्रकरण ऐकायचे ठरवले, कारण हाच प्रश्न देशभरातल्या शाळांपुढे उभा होता. मग खरा प्रश्न: भेदभाव नक्की कुठे झाला? नियम तर सर्वांना सारखाच होता. इथे लांगांनी तुलना कोणाशी करायची ते नीट बसवले. ज्यांच्या श्रद्धेला किंवा रीतीला या नियमाचा काहीच जाच होत नाही अशा मुली एका बाजूला. ज्यांना होतो त्या दुसऱ्या बाजूला. पहिल्या गटाला शिस्त पाळायला काही किंमत मोजावी लागत नाही, दुसऱ्याला लागते. नियम आणि त्यातून सवलत द्यायला नकार, या दोन्ही मिळून भेदभाव झाला. 'कानाच्या पाळीत एकच' हे ज्यांच्या घरातून शाळेच्या नियमात आले त्यांना तो नियम वाटतच नाही, ती नेहमीचीच गोष्ट वाटते.

पुढचा वाद धर्म की संस्कृती हा. चमकी हिंदू धर्मात सक्तीची नाही. ही तमिळ हिंदूंची, दक्षिण भारतातून आलेली रीत, आणि ती पाळायची की नाही हे ज्याच्या त्याच्या हातात. १८६० पासून करारबद्ध मजूर म्हणून नाताळमध्ये उतरलेल्या लोकांच्या घरांत धर्म कुठे संपतो आणि रीत कुठे सुरू होते हे सांगणे तसेही अवघडच. लांगांनी तो गुंता सोडवण्याचा अट्टहास केला नाही. त्या मुलीसाठी त्या गोष्टीचा अर्थ काय आणि ती तिला किती जवळची, हे त्यांनी महत्त्वाचे मानले. सक्तीच्या आचारांना संरक्षण आणि स्वेच्छेच्या आचारांना नाही, असा भेद त्यांनी नाकारला. स्वतःहून निवडलेली गोष्ट माणसाच्या ओळखीचा भाग असू शकते, किंबहुना जास्तच असते.

न्यायमूर्ती केट ओ'रेगन यांनी मात्र वेगळे लिहिले. त्यांच्या मते पुराव्यातून ही संस्कृतीची बाब दिसते, धर्माची नाही; आणि संस्कृती ही एकट्याच्या श्रद्धेवर ठरत नाही, ती समूहाबरोबर जगण्याची गोष्ट आहे, तेव्हा तिला धर्माच्याच मापाने मोजू नये. शाळेने अन्याय्य भेदभाव केला, यावर त्यांचेही एकमत होते. दोन्ही मते शेजारी ठेवून वाचली तर मला ओ'रेगन यांचा प्रश्न अधिक अवघड वाटतो. प्रत्येक घराने 'आमच्यात असेच असते' म्हटले तर ते तपासायचे कसे? लांगांचे उत्तर होते, प्रामाणिकपणा तपासा. इथेच या प्रकरणातली एक उणीव उघडी पडते. साक्ष आईने दिली. मुलीला कोणी बोलावलेच नाही. जिच्या नाकावरून एवढे रामायण झाले तिचा आवाज नोंदीत नाही. तिची बाजू थेट ऐकता आली असती तर बरे झाले असते, असे न्यायालयानेही म्हटले. शेवटी तिच्या वागण्यावरून अनुमान काढले: शिस्तभंगाची टांगती तलवार, वर्तमानपत्रांत चर्चा, शाळेत टीका, आणि एवढे होऊनही तिने चमकी काढली नाही. नुसत्या हौसेसाठी एवढे कोण सोसते?

शाळेचा बचाव तीन पायांवर उभा होता. पहिला, शिस्त. त्यावर लांगांनी सरळ विचारले की मुलगी इतके दिवस चमकी घालून शाळेत बसली, त्यातून शिस्त बिघडल्याचा पुरावा काय? तो नव्हता. दुसरा, शाळेत असताना काढून ठेवा, घरी घाला. नाहीतर दुसऱ्या शाळेत जा, जिथे चालते. यातून मुलीला जो निरोप जातो तो हा की तू ये, पण तुझी रीत दाराबाहेर ठेवून ये. ज्या देशात वर्णभेदाच्या काळात सरकारी शाळाच वंशानुसार वेगळ्या होत्या, तिथे 'दुसऱ्या शाळेत जा' या वाक्याचा कानाला कसा भास होत असेल ते सांगायला नको. तिसरा पाय आपल्याही ओळखीचा: आज हिला परवानगी दिली तर उद्या कोणी जटा वाढवून येईल, कोणी गोंदवून येईल, कोणी लंगोट नेसून येईल.

या शेवटच्या भीतीवर लांगांनी जे लिहिले ते निकालातले सर्वांत गाजलेले वाक्य ठरले. सवलत फक्त प्रामाणिक धार्मिक आणि सांस्कृतिक आचारांना आहे; एक मान्य केले म्हणजे सगळेच मान्य करावे लागते असे नाही; आणि आजवर घाबरून आपली रीत लपवणारी मुले आता मोकळेपणाने पुढे आली, तर ही आनंदाची गोष्ट आहे, भीतीची नाही. सार्वजनिक जीवनातले धर्म आणि संस्कृतीचे दर्शन ही भयंकर गोष्टींची मिरवणूक नसून विविधतेची शोभायात्रा आहे, अशा अर्थाचे ते वाक्य. त्याच वेळी गणवेश नको असे त्यांनी कुठेही म्हटलेले नाही. गणवेशाचे फायदे त्यांनी मान्य केले आणि नियमाला अपवादाची खिडकी ठेवा, एवढेच सांगितले.

कायद्याच्या भाषेत या खिडकीला 'वाजवी सोय' म्हणता येईल. सर्वांना सारखे वागवले की समानता झाली, असे नाही. कधी कधी सरकारला, मालकाला, शाळेला थोडी झळ, थोडा खर्च सोसून एखाद्याला सामावून घ्यावे लागते. ही कल्पना बहुतेकांना अपंगत्वाच्या संदर्भात पटकन समजते. त्याच समानता कायद्याखाली २००३ मध्ये चाकाच्या खुर्चीवरून वावरणाऱ्या एका वकील बाईंनी सरकारविरुद्ध तक्रार केली होती. कोर्टाच्या इमारतीत शिरायचे तर त्यांना पायऱ्यांवरून उचलून न्यावे लागे. पुढच्या वर्षी तडजोड झाली, सरकारने चूक कबूल केली आणि न्यायालयांच्या इमारती सुगम करण्याचे मान्य केले. पिल्ले खटल्यात लांगांनी हेच तत्त्व रॅम्पच्या बांधकामावरून नाकातल्या चमकीपर्यंत आणले. इथे तर शाळेला खर्चही नव्हता.

आता हातात काय पडले ते. उच्च न्यायालयाचा आदेश फार सैल होता, म्हणून अपील अंशतः मान्य झाले आणि आदेश नव्याने लिहिला गेला. एक, या मुलीला सवलत नाकारण्याचा शाळेचा निर्णय अन्याय्य भेदभाव होता अशी घोषणा. दोन, शाळेने विद्यार्थिनी, पालक आणि शिक्षकांशी विचारविनिमय करून आचारसंहितेत दुरुस्ती करावी: धार्मिक किंवा सांस्कृतिक कारणासाठी सवलत मिळेल आणि ती मागण्याची पद्धत कागदावर येईल.

समानता कायद्याने न्यायालयाच्या हातात बरीच हत्यारे दिली आहेत: नुकसानभरपाई, मानसिक त्रासाबद्दल वेगळी रक्कम, बिनशर्त माफी, मनाई हुकूम, संस्थेच्या धोरणांची तपासणी, ठरावीक काळाने प्रगती अहवाल. इथे यातले फारसे काही वापरले गेले नाही, आणि ते योग्यच झाले असे मला वाटते. पैसे दिले असते तर शाळेने ते भरले असते आणि नियम तसाच राहिला असता. दुरुस्तीचा आदेश पुढच्या मुलीच्या कामी येतो. पण ज्या मुलीने तक्रार निभावली तिला यातून शाळेत बसण्याचा एक दिवसही जास्तीचा मिळाला नाही, हेही खरे. तिच्या खऱ्या कामी आला तो सुरुवातीचा अंतरिम आदेश. अशा प्रकरणात कोणी सल्ला विचारला तर मी आधी त्याच्याच मागे लागा असे सांगेन. अंतिम निकाल बहुतेकदा तक्रारदाराचे वय निघून गेल्यावर येतो.

दार स्वस्त ठेवले तरी वाट लांबच राहते. फी नसलेल्या अर्जाने सुरू झालेले प्रकरण तीन न्यायालयांत गेले आणि पहिल्याच पायरीवर, म्हणजे खास समानतेसाठी केलेल्या न्यायालयात, आई हरली होती. मॅजिस्ट्रेटने कायदा वाचला नव्हता असे नाही. सही, शिस्त, गणवेश हे शब्द समोर आले की मन नेहमीच्या वाटेने जाते, आणि पुराव्याचा भार शाळेवर आहे हे कागदावर असूनही तराजू आपोआप शाळेकडे झुकतो. नवा कायदा केल्याने न्यायाधीशाची सवय लगेच बदलत नाही.

आणि आता आपल्याकडे. २०२२ मध्ये कर्नाटकातल्या हिजाबच्या प्रकरणात याचिकाकर्त्यांच्या वकिलांनी कर्नाटक उच्च न्यायालयापुढे पिल्लेचा दाखला दिला. न्यायालयाने तो लागू मानला नाही. नाकातली चमकी जेमतेम दिसते, तिची आणि हिजाबची तुलना होत नाही, असा एकंदर सूर होता. १५ मार्च २०२२ ला याचिका फेटाळल्या गेल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला आणि प्रकरण मोठ्या खंडपीठापुढे ठेवण्यासाठी सरन्यायाधीशांकडे गेले. हिजाबबाबत कोणाचे काही मत असो, उच्च न्यायालयातल्या चर्चेचा गाभा वेगळाच होता, तो म्हणजे हा आचार धर्मात अनिवार्य आहे का. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या शिरूर मठ निकालापासून चालत आलेला हा प्रश्न लांगांनी बाजूला ठेवला होता. अनिवार्यतेच्या कसोटीवर ती तमिळ आई पहिल्याच दिवशी हरली असती. सक्ती नाही हे तर सुरुवातीपासून स्पष्ट होते.

पुण्यातल्या किंवा पणजीतल्या एखाद्या खासगी शाळेने उद्या मुलीला मोरणी काढायला लावली तर आई जाईल कुठे? शिक्षणाधिकाऱ्याकडे अर्ज, बाल हक्क आयोगाकडे तक्रार, फार झाले तर उच्च न्यायालयात रिट. आणि तिथे पहिला वाद होईल तो विनाअनुदानित शाळेवर रिट चालते का याचा, कारण धर्म, वंश, जात, लिंग यांवरून भेदभाव करू नये हे पंधराव्या कलमाचे पहिले उपकलम राज्यसंस्थेला उद्देशून आहे. 'वाजवी सोय' आपल्या कायद्यात आली ती २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात. सर्व क्षेत्रांना आणि सर्व कारणांना लागू होईल असा एकच भेदभावविरोधी कायदा आपल्याकडे नाही. शशी थरूर यांनी तसे खासगी विधेयक २०१७ मध्ये लोकसभेत मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही.